तो कॉर्ड म्हजो : गोव्याचे वादक, बेळगावचं स्टेशन आणि घरातली पेटी



आपल्या भागातल्या गाण्याबजावण्याचा विषय निघाला की काही नावं हमखास येतात. गुर्लहोसूरला जन्मलेले अण्णासाहेब किर्लोस्कर, सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व, पेटीवर अख्खं आयुष्य वाहिलेले पं. रामभाऊ विजापुरे. राणी पार्वतीदेवी कॉलेजात काही काळ शिकवलेले पु. ल. देशपांडेसुद्धा आपण हक्कानं आपल्यात धरतो, आणि ते पेटीही झकास वाजवायचे. ही नावं घ्यायलाच हवीत. पण आणखी एक मंडळी आपल्या बेळगाव स्टेशनातून वर्षानुवर्षं येत-जात होती, काही तर कॅम्पात आपल्या शेजारी राहिली, आणि त्यांच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. हातात व्हायोलिनची नाहीतर ट्रम्पेटची पेटी, अंगात कोट, तोंडात कोकणी. गोव्याचे वादक.

आज त्यांच्याबद्दल लिहितोय. आणि त्यांनी आपल्या गाण्यांत आणून ठेवलेल्या एका गोष्टीबद्दल, जिला जॅझवाले ‘एक्स्टेंडेड कॉर्ड’ म्हणतात. नाव अवघड आहे, वस्तू अवघड नाही. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना ती आज संध्याकाळी वाजवून बघता येईल.

आधी इतिहास.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडून शाळा असायच्या. तिथं पोरांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचायला शिकवत. दो रे मी फा घोकून घ्यायचे, मग हातात व्हायोलिन. त्यामुळे गावागावांत कागदावरचं संगीत वाचणारी पिढी तयार झाली. गोव्यात पोटाला काम मात्र कमी. मग मुंबई गाठायची, धोबीतलावाला नाहीतर माझगावला आपल्या गावच्या ‘कूड’मध्ये खाट मिळवायची आणि हॉटेलात, बोटीवर, मूकपटाच्या थेटरात वाजवायचं.

मुंबईला जायची एक वाट आपल्याकडूनच होती. मडगावहून कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज आणि पुणे. मीटरगेजची गाडी. पुण्याला गाडी बदलायची. १९५५ साली भारतानं गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा ही रेल्वे सीमेवर तुटली, ती गोवा मुक्त झाल्यावरच जुळली. त्याआधी आणि त्यानंतर बेळगावचं स्टेशन या लोकांच्या पायाखालचं. शिवाय इंग्रजी शिक्षणासाठी गोव्याची पोरं बेळगावला यायची. सेंट पॉल्स शाळा १८५६ पासूनची. काही कुटुंबं इथंच राहून गेली.

मुंबईत काय चाललं होतं? १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी नावाच्या अमेरिकन कृष्णवर्णी वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखा पियानोवादक आला. त्याचा अंत पुढं १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्यानं झाला. गोव्याच्या पोरांनी या लोकांकडून जॅझ उचलला. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावानं ट्रम्पेट वाजवू लागला, लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड होते. त्यांनीच पुढं ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोकणी चित्रपट काढले. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवायचे, ते मुंबईला परतले.

मग मुंबई राज्यात दारूबंदी आली. कायदा १९४९ चा. (तेव्हा आपलं बेळगाव, निपाणीही मुंबई राज्यातच होतं.) हॉटेलातले बँड आक्रसले आणि ही मंडळी सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. तिथं त्यांची गरज होतीच. बऱ्याच संगीतकारांच्या डोक्यात चाल असायची, पण चाळीस-पन्नास वादकांना कागदावर लिहून कोण देणार? ते काम या ‘अरेंजर’ लोकांचं. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना चिक चॉकलेटची साथ होती. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये तर त्याचा बँड पडद्यावरसुद्धा दिसतो. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं वाद्यमेळ लिहिला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत आणि शिकवत. प्यारेलाल त्यांचे शिष्य, म्हणून १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचं नाव गाण्यात आलं. पियानोवर लुसिला पाशेको ही बाई असायची. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘रागा-जॅझ स्टाइल’ नावाची तबकडी काढली, अकरा राग, सतारीवर रईस खान. तिच्यातही ही मंडळी आहेत.

आपल्या आईवडिलांनी रेडिओवर ऐकलेल्या गाण्यांत हे सगळं होतं. तबला-सतारीच्या मागं पियानोवर किंवा गिटारवर चार-पाच स्वर एकदम दाबलेले ऐकू यायचे आणि ओळ एकदम मऊ होऊन जायची. ते काय आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मला ते कळलं १९७४ साली.

मी निपाणीचा. आमच्या घरी तंबाखूची वखार, आणि वडील विठोबाच्या देवळातल्या भजनी मंडळात पेटीवर. कॉलेजसाठी बेळगावला आलो आणि कॅम्पात एका घराच्या मागच्या खोलीत राहिलो. पुढच्या खोलीत गोव्याचे एक वयस्क गृहस्थ राहायचे. मुंबईला आधी हॉटेलात आणि मग स्टुडिओत पियानो वाजवून परतलेले. सासुरवाडी इथली, म्हणून इथंच स्थिरावले. सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांच्याकडे उभा पियानो होता. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, दमट हवेनं पट्ट्या अडकायच्या, म्हणून पियानोच्या पोटात ते पावसाळाभर विजेचा बल्ब पेटता ठेवायचे. पेटी वाजवता येते म्हटल्यावर त्यांनी बसवून घेतलं. मी एका हातानं सा-ग-प धरला. त्यांनी माझं करंगळीचं बोट उचललं.

“सा तूं कित्याक धरता? तो बासवाल्याचो.”

दोन वर्षं त्यांच्याकडे बसलो. त्यांचा ‘दो’ जागचा हलत नसे, पियानोची ठरलेली पट्टी म्हणजे दो. आपला सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे हलतो. त्यावरून आमचा घोळ व्हायचा, पण शेवटी त्यांनी माझ्यासाठी सगळं सरगमात लावून दिलं. तेच इथं देतो.

सा म्हणजे पांढरी एक धरा. आता एक स्वर सोडून एक घ्या. सा, ग, प. हा साधा कॉर्ड, चर्चमधला, शाळेच्या प्रार्थनेतला. आणखी एक पायरी चढा, नि. सा-ग-प-नि, हा सातवा स्वर जोडलेला. इथपर्यंत सप्तक संपत आलं. तसंच वरच्या सप्तकात चढत राहा : रे, म, ध. सा पासून मोजलं तर वरचा रे नववा, म अकरावा, ध तेरावा. म्हणून नाइन्थ, इलेव्हन्थ, थर्टीन्थ. पुढची पायरी पुन्हा सा, म्हणजे माळ पुरी झाली. एवढंच गणित आहे. सात स्वर, एकाआड एक रचलेले.

मग अडचण कुठं? मध्यमात. खाली शुद्ध ग आणि वर शुद्ध म एकदम दाबले की घासतात. जॅझवाले तिथं तीव्र म घेतात. आता स्वर मोजा : सा, ग, प, नि, रे, तीव्र म, ध. बघा, हे यमनचे सात स्वर झाले! सरांना हे सांगितलं तर ते हसले, म्हणाले, तुझ्या बापायक सगळें खबर आसा.

दुसरी जात मायनर. ग कोमल, नि कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे काफी थाट. इथं शुद्ध म चालतो, कारण कोमल ग आणि म यांच्यात पुरेशी जागा आहे. तिसरी जात डॉमिनंट, ग शुद्ध आणि नि कोमल, म्हणजे खमाज थाट. हा कॉर्ड अस्वस्थ असतो, त्याला पुढं कुठंतरी जायचं असतं. यमन, काफी, खमाज एवढे तीन थाट ज्यांच्या कानात आहेत त्यांना अर्ध्याहून जास्त जॅझचे कॉर्ड ओळखीचे वाटतील. (राग आणि कॉर्ड एक नव्हेत हे उघड आहे. राग चालतो, कॉर्ड उभा राहतो. पण स्वरांची पिशवी एकच.)

आता सात स्वर एकदम दाबायला एका हाताची बोटं पुरणार नाहीत, आणि दाबले तरी गोंगाट होतो. म्हणून काय काय सोडायचं, हीच खरी शिकवणी. प सोडला तर चालतो, तो नुसता टेकू आहे. सा सोडला तरी चालतो, कारण बँडमध्ये तो बास वाजवणाऱ्याकडे असतो. ग आणि नि मात्र सोडायचे नाहीत. कॉर्ड कुठल्या जातीचा हे तेच सांगतात. अमेरिकेत बिल एव्हान्ससारख्या पियानोवादकांनी १९५० च्या दशकात हे सा नसलेले कॉर्ड रुळवले. तोच एव्हान्स १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ तबकडीवर पियानोला आहे.

सरांनी मला दिलेला पहिला पाठ तीन कॉर्डांचा होता. वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला.

पहिला, मूळ स्वर रे : बोटं म, ध, वरचा सा, वरचा ग.
दुसरा, मूळ स्वर प : बोटं म, ध, नि, वरचा ग.
तिसरा, मूळ स्वर सा : बोटं ग, प, नि, वरचा रे.

पहिला मायनर नाइन्थ, दुसरा तेरावा स्वर घेतलेला डॉमिनंट, तिसरा मेजर नाइन्थ. जॅझच्या असंख्य गाण्यांत हीच तीन पावलं पुन्हा पुन्हा येतात. आता बोटांकडे लक्ष द्या. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फक्त सा खाली सरकून नि होतो, बाकी तीन बोटं जागेवर. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना नि जागेवर, आणि म चा ग, ध चा प, ग चा रे. सगळे एकेक पाऊल खाली. उडी कुठंच नाही. ते मऊपण येतं ते इथून.

आणि पेटीवाल्यांसाठी खास गंमत. हे चारही स्वर एका हातात मावतात! एक हात भात्यावर असला तरी अडत नाही. मूळ स्वर दुसऱ्या कुणीतरी गिटारच्या जाड तारेवर धरावा, किंवा नुसता गुणगुणावा. पियानो असेल तर डाव्या हातानं हे कॉर्ड मधल्या सप्तकाच्या आसपास वाजवा, फार खाली नेलं की गढूळ होतात. पेटीवर दाब हलका ठेवा, कारण पेटीचा सूर पियानोसारखा विरत नाही, चारही स्वर तसेच कानात घुसत राहतात.

रियाज असा. पहिले काही दिवस वाजवायच्या आधी गायचं. म-म-ग ही एक ओळ, सा-नि-नि ही दुसरी. त्या गळ्यात बसल्या की बोटं आपोआप जातात. मग घड्याळाच्या ठोक्याला एक कॉर्ड, चार ठोके धरून. तिसरा कॉर्ड आला की त्यातले ग आणि नि कोमल करा, बाकी बोटं तशीच. तो झाला पुढच्या पट्टीतला पहिला कॉर्ड, आणि जुना कोमल नि झाला नवा सा. असं करत करत सहा पट्ट्या फिरून तुम्ही पुन्हा पांढरी एकला येता. उरलेल्या सहा काळी एकपासून सुरू करून होतात. सर म्हणायचे, बारा पट्ट्या झाल्याशिवाय मुंबईत कुणी खुर्ची देत नसे, कारण गाणाऱ्याचा गळा सकाळी एक सांगतो आणि दुपारी दुसरं.

सुट्टीला निपाणीला गेलो आणि वडिलांच्या पेटीवर हे तीन वाजवले. ते तंबाखूचा हिशेब करत होते. मान वर न करता म्हणाले, “आरं, ही पेटी हाय का बेंडबाजा?”

त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पेटी आपल्याकडे आली तीच परकी म्हणून. मूळ वाद्य पॅरिसचं, १८४२ चं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी बनवली आणि ती संगीत नाटकांतून, भजनांतून घरोघरी गेली. तरी १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, ती पुढं तीस वर्षं. कारण तिच्यावर मींड निघत नाही, आणि सप्तकाचे बारा सारखे तुकडे केल्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा जरा चढा लागतो. बारा पट्ट्यांत फिरायची सोय हवी तर ही किंमत मोजावी लागते. त्या बंदीच्या काळातही रामभाऊंसारख्यांनी बेळगावात बसून पेटीवर एकेरी सुराचा राग उभा केला, मोठमोठ्या गवयांना साथ केली, आणि २०१० साली जाईपर्यंत शिकवत राहिले. वडिलांचा जीव त्या एकेरी सुरात होता. अभंगामागं चार स्वर एकदम लावले तर वारकऱ्याचा सूर बुजतो, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. भजनात मी कधी कॉर्ड धरला नाही.

पण त्या रात्री वखारीला कुलूप लावून आल्यावर त्यांनी मला ते तीन पुन्हा वाजवायला लावले. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “ह्ये रेडिओत असतंय की.” मग स्वतः पेटी पुढं ओढली आणि बराच वेळ म-ध-सा-ग चाचपत बसले.

रेडिओची एक गोष्ट राहिली. सरांच्या खोलीत संध्याकाळी विविध भारती लागायची. निवेदक गायकाचं नाव सांगायचा, गीतकाराचं, संगीतकाराचं. मग गाणं. कधीकधी एखाद्या गाण्यात, दोन ओळींच्या मधल्या जागेत पियानो यायचा. सर बोट वर करायचे आणि हळूच म्हणायचे, “तो कॉर्ड म्हजो.” एवढंच. गाणं संपलं की पुढचं नाव, पुढचं गाणं. तबकडीवर वादकांची नावं छापायची पद्धत नव्हती, अरेंजरचं नाव क्वचित यायचं. रोजंदारीचं काम, पैसे घेतले की संबंध संपला.

ऐंशीच्या दशकात सर गेले. मुलं परदेशी होती. घर विकलं गेलं, त्या जागी आता अपार्टमेंट आहे. पियानो कुणीतरी लाकडाच्या भावात उचलला. ट्रंकेत गाण्यांचे हातानं लिहिलेले कागद होते, ते रद्दीत गेले असं शेजाऱ्यांनी सांगितलं. माझ्याकडे ती एक वही आहे, पेन्सिलीचं अक्षर पुसट होत चाललंय. गेल्या वर्षी तिची पानं स्कॅन करून घेतली. पुण्यात शिकणारी नात कीबोर्डवर ते पाठ वाजवते. तिला वाटलं होतं, हे सगळं इंटरनेटवरून आलंय. तिला सांगितलं, बाई, हे लोंढ्यावरून मीटरगेजनं आलंय.

आपण सीमाभागातली माणसं. कुठला दगड कुणाचा, कुठली पाटी कुठल्या लिपीत, हे आपल्याला पाठ असतं. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि कॅम्पात गेलं की कोकणी. अशा ठिकाणी राहून या लोकांची आठवण कुठल्याच खात्यात जमा झाली नाही. गोव्याच्या इतिहासात ते मुंबईला गेलेले, मुंबईच्या इतिहासात ते पडद्यामागचे, आणि आपल्याकडे ते नुसते भाडेकरू.

कॅम्पात, शहापूर-टिळकवाडीत, खानापूर-लोंढ्याला, किंवा निपाणीच्या बँडपथकांत कुणाच्या घरी असे वादक येऊन-जाऊन असतील, कुणाच्या माळ्यावर जुने हातानं लिहिलेले नोटेशनचे कागद असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. फोटो काढून ठेवा, मागं नाव लिहा. आणि पेटी घरात असेल तर म, ध, वरचा सा, वरचा ग. मग फक्त सा चा नि करा.